गोळ्या चालू असताना व्हायरल लोड सापडत नाही म्हणजे एलिट कंट्रोलर का? डॉ. ब्रूस वॉकर यांच्या रिसर्चबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भाऊ सहा वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधावर आहे, गेली चार वर्षं व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) प्रत्येक रिपोर्टवर "टार्गेट नॉट डिटेक्टेड" येतंय, आणि कुणीतरी पाठवलेल्या मेसेजमध्ये बोस्टनच्या डॉ. ब्रूस वॉकर यांचं नाव घेऊन लिहिलंय की काही लोकांचं शरीर एचआयव्हीला औषधाशिवाय दाबून ठेवतं, तर भाऊ त्यातलाच असेल का आणि महिना-दोन महिने गोळ्या बंद करून बघायला काय हरकत आहे.

उत्तर आधी सांगते. बंद करू नका. वॉकर यांचा रिसर्च खरा आहे, फार मोठा आहे, पण तो तुमच्या भावाबद्दल नाहीये. एलिट कंट्रोलर म्हणजे ज्याने एआरटीची एकही गोळी घेतलेली नाही आणि तरी ज्याच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या ५० पेक्षा कमी कॉपीज आहेत असा माणूस. अंदाजे ३०० बाधितांमागे एक. तुम्हीच लिहिलंय की गोळ्या सुरू केल्या तेव्हा भावाचा सीडी४ (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या इम्युनिटीच्या पेशींची संख्या) १६० होता आणि त्याला टीबी झाला होता. म्हणजे औषध नसताना त्याच्या शरीराला विषाणू आवरला नव्हता हे तेव्हाच दिसलेलं आहे. आज जे "नॉट डिटेक्टेड" येतंय ते त्या रोजच्या एका गोळीचं काम आहे, आणि भावाने ती न चुकता घेतली त्याचं श्रेय त्याला द्या.

आता रिसर्चबद्दल. मी बरीच वर्षं एआरटी सेंटरवर पेशंट बघतेय आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

वॉकर हे मुळात लॅबवाले नाहीत, वॉर्डात काम करणारे डॉक्टर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंग घेत होते, तेव्हा तरुण मुलं विचित्र इन्फेक्शन्स घेऊन यायला लागली होती आणि विषाणू कुठला हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की हा आजार इम्युनिटीच खाऊन टाकतो, म्हणजे इम्युनिटी त्याच्याशी लढत असेल हा प्रश्नच कशाला विचारायचा. १९८७ मध्ये वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकामध्ये दाखवलं की बाधित माणसांच्या रक्तात एचआयव्ही नेमका ओळखणाऱ्या किलर टी पेशी, म्हणजे सीडी८ पेशी, असतात आणि एचआयव्हीची प्रोटीन्स दाखवणारी पेशी समोर आली की तिला त्या मारतातही. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका गटालाही पेशंटच्या फुफ्फुसातून काढलेल्या पेशींत तेच दिसलं.

पण मग खरा पेच इथून सुरू झाला. इतक्या जोरात लढणाऱ्या पेशी आहेत, बऱ्याच जणांत तर भरपूर आहेत, आणि तरीही माणसं मरतायत. का? वॉकर यांचं पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतंय असं मला वाटतं.

पहिला धागा सापडला तो बॉब मॅसी या माणसामुळे. हे अमेरिकेतले सार्वजनिक जीवनातले गृहस्थ, त्यांनी स्वतःच आपली गोष्ट उघड सांगितलेली आहे. त्यांना हिमोफिलिया होता, रक्त गोठायला घ्याव्या लागणाऱ्या फॅक्टर इंजेक्शनमधून त्यांना १९७० च्या दशकाच्या शेवटी एचआयव्ही झाला, त्या काळात हिमोफिलियाचे असंख्य पेशंट असेच बाधित झाले आणि गेले. मॅसी मात्र वर्षानुवर्षं औषधाविना ठीक राहिले. १९९० च्या दशकात वॉकर यांनी त्यांचं रक्त तपासलं तेव्हा विषाणू जवळजवळ सापडेचना. आणि एक वेगळीच गोष्ट दिसली, एचआयव्ही ओळखणाऱ्या त्यांच्या सीडी४ पेशी, म्हणजे हेल्पर पेशी, जोमदार होत्या. १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये एरिक रोझेनबर्ग आणि वॉकर यांचा जो पेपर आला त्यात हेच होतं, की हेल्पर पेशींचा प्रतिसाद जितका जोरदार तितका विषाणू कमी. सीडी८ पेशींना दीर्घकाळ तग धरायला हेल्पर पेशींची साथ लागते, आणि एचआयव्हीचा क्रूरपणा असा की तो नेमक्या त्याच हेल्पर पेशींना आधी गाठतो ज्या त्याला ओळखून कामाला लागलेल्या असतात. म्हणजे बहुतेक बाधितांमध्ये ही साथ पहिल्या काही आठवड्यांतच तुटते.

मग प्रश्न आला की असे लोक किती आणि त्यांच्यात जनुकीय फरक काय. वॉकर यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांना साद घालून कंट्रोलर गोळा केले. २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये निकाल आला, ९७४ कंट्रोलर आणि २,६४८ ज्यांचा आजार वाढत गेला असे लोक, यांच्या पूर्ण जीनोमची तुलना. तीनशेवर जागी ठळक फरक दिसला आणि त्या सगळ्या जागा सहाव्या क्रोमोसोमवर, एचएलए जनुकांच्या भागात. बाकी जीनोममध्ये काहीही नाही! एचएलए म्हणजे काय, तर आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रोटीन, ज्याच्या खाचेत पेशीच्या आतल्या प्रोटीन्सचे छोटे तुकडे बसवून बाहेर दाखवले जातात. पेशीत विषाणू शिरला असेल तर विषाणूचेही तुकडे दिसतात आणि त्यावरून सीडी८ पेशी ओळखते की इथे गडबड आहे. या अभ्यासात सगळ्यात ठळक फरक निघाला एचएलए-बी प्रोटीनच्या ९७ क्रमांकाच्या अमिनो ॲसिडमध्ये, आणि ते बसतं बरोब्बर त्या खाचेच्या तळाशी. म्हणजे विषाणूचा कुठला तुकडा दाखवला जातो आणि कसा दाखवला जातो यावर पुष्कळ काही ठरतं. एचएलए-बी५७ आणि बी२७ असलेल्यांना फायदा, बी३५ च्या काही प्रकारांत उलट आजार वेगाने वाढतो.

पण इथे थांबलं असतं तर ती नुसती नशिबाची गोष्ट झाली असती. शिवाय बी५७ असूनही आजारी पडणारे पुष्कळ आहेत आणि बी५७ नसलेले कंट्रोलरही आहेत. म्हणजे उत्तर अजून अर्धंच होतं.

मला स्वतःला या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो यापुढचा. आधी सगळे मोजत होते की किती टी पेशी एचआयव्हीवर प्रतिक्रिया देतात. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या ५७८ उपचार न घेतलेल्या लोकांवरचा अभ्यास आला, त्यात दिसलं की विषाणूच्या गॅग या प्रोटीनवर हल्ला करणाऱ्या पेशी ज्यांच्यात जास्त त्यांचा व्हायरल लोड कमी, आणि बाहेरच्या आवरणाच्या एन्व्ह प्रोटीनवर हल्ला करणाऱ्या पेशी जास्त असतील तर लोड उलट जास्तच. म्हणजे नुसती संख्या मोजून काही कळत नाही, हल्ला कुठे होतोय ते बघायला पाहिजे. एचआयव्ही सतत बदलतो, एका जागी हल्ला झाला की तो तिथलं एखादं अमिनो ॲसिड बदलून निसटतो, आणि एन्व्हमध्ये असे बदल त्याला सहज परवडतात. गॅग हे त्याच्या आतल्या सांगाड्याचं प्रोटीन, तिथे बदल करणं त्याला महागात पडतं.

२०१९ मध्ये गौरव गायहा, एलिझाबेथ रॉसिन आणि वॉकर यांच्या गटाने हे आणखी नेमकं केलं. त्यांनी विषाणूच्या प्रोटीन्सची थ्रीडी रचना घेतली आणि प्रत्येक अमिनो ॲसिड आजूबाजूच्या किती अमिनो ॲसिड्सशी किती घट्ट जोडलेलं आहे याचा हिशोब मांडला, नेटवर्कच्या गणिताने. जुन्या वाड्यात भिंतीचा गिलावा काढा, कोनाडा बुजवा, वाडा उभाच राहतो, पण ज्या खांबावर तुळया टेकल्यात तो हलवला तर माळाच खाली येतो, तसे खांब त्यांनी विषाणूत शोधून काढले. आणि कंट्रोलर लोकांच्या सीडी८ पेशी तपासल्या तर त्या बरोबर याच खांबांवर जाऊन बसत होत्या, बी५७ असो वा नसो. विषाणूला तिथून निसटायचं तर स्वतःचीच रचना मोडावी लागते. बी५७ वाल्यांना फायदा का होतो याचंही उत्तर यात बरंचसं मिळतं, त्यांची ती खाच अशा तुकड्यांना चांगली धरते. पण ज्याच्याकडे ते जनुक नाही त्याच्याही पेशींना योग्य जागेवर रोखता येईल का, लसीने शिकवता येईल का, हा विचार या कामामुळे शक्य झाला, नाहीतर जन्माने मिळालेल्या जनुकाचं आपण करणार काय?

लसीचं काम इतकं अवघड का हेही यातून समजतं. २००७ मध्ये स्टेप नावाची मोठी ट्रायल थांबवावी लागली, ती लस मुद्दाम टी पेशी जागवण्यासाठीच बनवलेली होती, पेशी जाग्या झाल्याही, पण संरक्षण मिळालं नाही, आणि लस घेतलेल्या काही पुरुषांमध्ये तर लागण उलट जास्त दिसली. टी पेशी नुसत्या जाग्या करून भागत नाही हे त्या वेळी फार कडू पद्धतीने कळलं.

आता दरबानबद्दल थोडं, कारण आपल्याशी त्याचा थेट संबंध आहे. अमेरिका-युरोपात मुख्यतः एचआयव्हीचा बी उपप्रकार आहे आणि दक्षिण आफ्रिकेत आणि भारतात सी. म्हणजे बोस्टनच्या पेशंटवर काढलेला निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही, दरबानचा जास्त जवळचा. वॉकर यांनी हे लवकर ओळखलं आणि क्वाझुलू-नाताल विद्यापीठात तिथल्याच शास्त्रज्ञांबरोबर लॅब उभी केली, नुसतं रक्ताचे नमुने बोस्टनला नेऊन पेपर छापले नाहीत. याबद्दल मला त्यांचा खरोखर आदर वाटतो. २००६ मध्ये दरबानच्याच पेशंटवर दाखवलं गेलं की एचआयव्हीशी वर्षानुवर्षं झुंजणाऱ्या टी पेशींवर पीडी-१ नावाचं प्रोटीन वाढत जातं आणि त्या थकतात, रक्तात दिसतात पण काम करत नाहीत. लॅबमध्ये ते पीडी-१ अडवलं की त्यातल्या काही पुन्हा कामाला लागत होत्या. कॅन्सरमध्ये आज जी इम्युनोथेरपीची औषधं वापरतात त्यातली बरीच याच पीडी-१ वर चालतात.

आणि तिथलाच 'फ्रेश' नावाचा अभ्यास. दरबानजवळच्या उमलाझी या वस्तीत १८ ते २३ वयाच्या, एचआयव्ही नसलेल्या मुली आठवड्यातून दोनदा सेंटरवर येतात, तिथे त्यांना नोकरीसाठी लागणारं ट्रेनिंग आणि आरोग्याचं शिक्षण मिळतं, बचाव कसा करायचा हेही सांगतात, आणि दर वेळी बोटातून रक्त घेऊन विषाणूचा आरएनए तपासतात. एवढं करूनही काहींना लागण होतेच, तिथे तरुण मुलींमध्ये प्रमाण भयंकर आहे. पण ती पहिल्या काही दिवसांतच सापडते, अँटिबॉडी तयार होण्याच्याही आधी. २०१५ मध्ये तिथून कळलं की अगदी सुरुवातीला सीडी८ पेशी प्रचंड संख्येने उठतात, आणि ज्यांच्यात त्या लवकर आणि जोरात उठतात त्यांच्यात नंतर व्हायरल लोड कमी पातळीवर स्थिरावतो, पण त्या पेशींमध्ये टिकून राहण्यासाठी लागणारी प्रोटीन्स कमी असतात, त्यामुळे त्या मरूनही पटकन जातात. नंतर लागण सापडल्या सापडल्या एआरटी द्यायला सुरुवात झाली तेव्हा पेशींची संख्या कमी पण त्यांचं काम जास्त चांगलं दिसलं.

लवकर उपचाराचा मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. पुण्यातही १९९० च्या दशकात नारी या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर गुप्तरोगाच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्यांत अशी अगदी ताजी लागण शोधायचं काम केलं होतं आणि १९९७ मध्ये ते छापून आलं, ताप, सांधे दुखणं, रात्रीचा घाम अशी साधी लक्षणं. आजही असे पेशंट फ्लू समजून घरी पाठवले जातात, जोखीम घडली असेल तर डॉक्टरला स्पष्ट सांगायला हवं आणि डॉक्टरनेही विचारायला हवं.

आता तुमचा मूळ मुद्दा, बंद करून बघायला काय हरकत. हे वॉकर यांच्याच गटाने करून बघितलंय, म्हणून त्यांच्या नावाने हा मेसेज फिरतोय याचं मला जास्त वाईट वाटतं. २००० मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी आठ जणांचा अहवाल दिला. हे सगळे लागणीच्या अगदी सुरुवातीला उपचार सुरू केलेले लोक, नंतर कडक देखरेखीखाली औषध थांबवलं, आणि पाच जणांत काही महिने विषाणू कमी पातळीवर राहिला. जगभर आशा पसरली. पण २००४ मध्ये त्याच गटाने १४ जणांचा जास्त काळाचा हिशोब मांडला. विषाणू ५,००० कॉपीजच्या खाली ठेवू शकलेले लोक तीन महिन्यांपर्यंत ११, सहा महिन्यांपर्यंत ८, आणि दोन वर्षांपर्यंत फक्त ३. त्यांनी स्वतःच लिहिलं की हा कंट्रोल टिकत नाही. आपलाच गाजलेला निष्कर्ष आपणच असा तपासून जाहीर करायला प्रामाणिकपणा लागतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेवढंच वगळलंय.

आणि लक्षात घ्या, हे लोक पहिल्या काही आठवड्यांत उपचार मिळालेले. तुमच्या भावाला उपचार मिळाले ते सीडी४ १६० वर गेल्यावर, तोवर त्याच्या एचआयव्ही ओळखणाऱ्या हेल्पर पेशींचं नुकसान होऊन गेलेलं होतं आणि विषाणूचा डीएनए दीर्घकाळ जगणाऱ्या पेशींत लपून बसलेला होता. गोळी त्या लपलेल्या डीएनएला हात लावत नाही, फक्त नवीन पेशींची लागण थांबवते. म्हणून बंद केली की बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत येतो. २००६ च्या स्मार्ट ट्रायलमध्ये ५,४७२ लोक होते, ज्यांची औषधं सीडी४ बघून मधेमधे थांबवली त्यांच्यात मृत्यू किंवा गंभीर संधिसाधू आजाराचं प्रमाण सलग घेणाऱ्यांच्या अडीच पटीहून जास्त निघालं. ट्रायल लवकर थांबवावी लागली.

अजून एक. खरे एलिट कंट्रोलरसुद्धा पूर्ण सुरक्षित नसतात. काहींचा कंट्रोल वर्षांनंतर सुटतो, २०२१ मध्ये याच गटाने दाखवलं की विषाणू वर यायच्या आधीच त्यांच्या सीडी८ पेशींचं काम मंदावलेलं असतं. शिवाय रक्तात विषाणू दिसत नसला तरी शरीरात सूज धुमसत राहते, बोस्टनच्याच एका लहान अभ्यासात अशा लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत अपेक्षेपेक्षा जास्त ब्लॉकेज दिसले. त्यामुळे त्यांनाही आता एआरटी घ्यायला सुचवलं जातं, आणि भारतातही २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी प्रत्येक बाधिताला उपचार हे धोरण आहे. कॅलिफोर्नियाच्या लॉरीन विलेनबर्ग यांचं उदाहरण मेसेजमध्ये आहे, ते खरं आहे, २०२० मध्ये वॉकर यांच्याच रॅगन इन्स्टिट्यूटमधल्या शू यू यांच्या गटाने त्यांच्या दीड अब्ज पेशी तपासल्या आणि वाढू शकेल असा अखंड विषाणू एकही सापडला नाही. पण त्या पहिल्यापासून कंट्रोलर होत्या, गोळ्या सोडून झालेल्या नाहीत.

भावाशी बोलताना त्याला आधी विचारा की बंद का करावंसं वाटतंय. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा कारण वेगळंच निघतं. झोप लागत नाही, वजन वाढलंय, कामावर डबी लपवावी लागते, सेंटरवर कुणी ओळखीचं दिसेल याची भीती. टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असलेली गोळी) घेत असेल आणि झोपेचा त्रास असेल तर गोळी रात्रीऐवजी सकाळी घेऊन बघता येते. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अँटासिड, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर डोलुटेग्राविर नीट शोषलं जात नाही, म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. हेपॅटायटिस बी कधी तपासलंय का ते सेंटरच्या उपचार-पुस्तकात बघा, कारण टीएलडीतली दोन औषधं त्यावरही चालतात आणि ती एकदम थांबवली तर लिव्हरला जबर झटका बसू शकतो. आणि त्याला हेही सांगा की व्हायरल लोड असाच सापडत नसेल तर त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, लग्नाचा विषय निघतोय म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितेय, अर्थात होणाऱ्या बायकोला आधी सगळं सांगून तिच्या संमतीनेच.

बी५७ ची टेस्ट करून घेऊ का असंही तुम्ही विचारलंय. यासाठी नको. ती टेस्ट आम्ही करतो ती अबाकाविर सुरू करायच्या आधी, कारण एचएलए-बी*५७:०१ असेल तर त्या औषधाची जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. भावाची किडनी नीट चालत असेल आणि टेनोफोविर सोसत असेल तर आत्ता त्याची गरज नाही. पुढच्या महिन्यात गोळ्या घ्यायला जाल तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं होतं ते विचारा आणि झोपेचं काउन्सेलरच्या किंवा मेडिकल ऑफिसरच्या कानावर घाला. तोवर आजची गोळी आजच.